परदेशातल्या शिष्यांची फी आणि पेपॅलची कापाकापी: काय टाळता येतं, काय टाळू नये

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ठाण्यात शास्त्रीय गायन शिकवता, ऑनलाइन क्लासला परदेशातली १८ मुलं आहेत, ११ अमेरिकेत, ४ इंग्लंडमध्ये, २ सिंगापूरला आणि १ जर्मनीत, प्रत्येकी महिन्याला ८० डॉलर फी पेपॅलने येते आणि बँकेत दर वेळी हिशोबापेक्षा बरेच कमी पैसे पडतात. इथल्या ७ मुलांची दीड हजार रुपये फी यूपीआयने येते, तिथे काही त्रास नाही. आता एका पालकांनी सुचवलंय की मी पैसे फॅमिली मेंटेनन्स म्हणजे घरच्यांचा खर्च म्हणून पाठवतो, मग चार्जेस लागत नाहीत, तर तसं करू का, असं तुम्ही विचारताय.

मी गेली १४ वर्षं पुण्यात अशाच लोकांचे हिशोब बघते, फ्रीलान्सर, डिझायनर, ट्रान्सलेटर, घरून योगा नाहीतर गाणं शिकवणाऱ्या बायका, आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते, नाही, तसं करू नका. कारण खाली सविस्तर लिहितेय. पण चार्जेस बरेच कमी करता येतात, काही मुलांच्या बाबतीत तर अगदी शून्यावर आणता येतात, आणि तेही सगळं कागदोपत्री स्वच्छ ठेवून.

आधी नेमकं किती जातंय ते बघू कारण बहुतेक जण इथेच चुकतात. पेपॅलची परदेशातून येणाऱ्या पेमेंटवरची फी ४.४ टक्के अधिक ३० सेंट. म्हणजे ८० डॉलरमधले ३ डॉलर ८२ सेंट गेले, उरले ७६.१८. हे स्टेटमेंटमध्ये स्वच्छ दिसतं म्हणून सगळे याच्यावरच चिडतात. पण दुसरी कात्री लागते ती डॉलरचे रुपये करताना, आणि ती फी म्हणून कुठेच लिहिलेली नसते, फक्त रेट कमी लावलेला असतो. बाजारातल्या रेटपेक्षा साधारण ३ ते ४ टक्के कमी धरून चला. हिशोब सोपा जावा म्हणून डॉलर ८५ रुपये धरू आणि रेटमधली कपात ३ टक्के. तर ८० डॉलरचे व्हायला हवेत ६,८०० रुपये, हातात पडतात साधारण ६,२८१. एका मुलामागे ५१९ रुपये, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या वर. १८ मुलांचे महिन्याला ९,३४१ आणि वर्षाचे १ लाख १२ हजार. तानपुरा, माइक, इंटरनेट सगळं धरून क्लासचा वर्षाचा खर्च बहुतेक याच्या आतच असेल.

म्हणून माझी पहिली सवय, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हीच लावते: फी किती टक्के हे विचारूच नका, ज्या दिवशी पैसे जमा झाले त्या दिवशीचा गूगलवरचा रेट बघा, त्याने गुणा, आणि खात्यात प्रत्यक्ष किती आले ते त्याच्या शेजारी लिहा. जो फरक आहे तीच खरी फी. "झिरो फी" म्हणून जाहिरात करणारी ऍप असतात ना, त्यांचा रेट या पद्धतीने तपासलात की फी कुठे लपलीये ते लगेच कळतं. पेपॅलमध्ये आपल्याला डॉलर साठवून ठेवताही येत नाहीत, भारतातल्या खात्यातून पैसे रोजच्या रोज आपोआप बँकेत जातात आणि जाताना रुपये त्यांच्याच रेटने होतात, त्यामुळे रेट चांगला होईपर्यंत थांबू असं काही करता येत नाही.

आता उपाय. सगळ्यात स्वस्त मार्ग आधी सांगते कारण तो फार कमी लोकांच्या डोक्यात येतो. तुमच्या ११ अमेरिकेतल्या पालकांपैकी बऱ्याच जणांचं भारतात एनआरई किंवा एनआरओ खातं, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथलं रुपयातलं खातं, असणार, आईवडिलांसाठी, फ्लॅटच्या हप्त्यासाठी, कशासाठी तरी ठेवलेलं असतंच. त्या खात्यातून इथे रुपयात पेमेंट करायला पूर्ण मुभा आहे. त्यांनी नेटबँकिंगने एनईएफटी केलं तर तुम्हाला एक पैसा लागत नाही, पाठवणाऱ्याचंही सेव्हिंग खातं असेल तर ऑनलाइन एनईएफटीला जानेवारी २०२० पासून चार्ज नाही. आणि यूपीआयसुद्धा चालतं, जानेवारी २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १० देशांतल्या मोबाइल नंबरवर एनआरई-एनआरओ खातं यूपीआयला जोडायची परवानगी दिली, त्यात अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, यूएई हे सगळे आहेत. पालकांच्या बँकेने ती सोय चालू केलीये का एवढं त्यांनी बघायचं. त्यांना ८० डॉलरऐवजी रुपयात ठरावीक फी सांगा, ६,८०० म्हणा, आणि विषय संपला, ना कन्व्हर्जन ना कमिशन.

आणि आजी-आजोबा. हे मी मुद्दाम लिहितेय कारण माझ्याकडे भरतनाट्यम शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्या न्यूजर्सीतल्या ५ मुलींची फी नाशिक, सांगलीहून आजोबा भरतात, नातीला भेट म्हणून. आजोबांचं इथलं खातं, इथली यूपीआय, शून्य खर्च. फक्त पावती आजोबांच्या नावाने फाडायची, कारण पैसे देणारे ते आहेत, आणि ते उत्पन्न परदेशातलं न धरता देशातलंच धरायचं.

या मार्गात एक मेख आहे ती पुढे जीएसटीमध्ये सांगते, आत्ता तुमच्या उलाढालीला ती लागत नाही.

ज्यांचं भारतात खातं नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग. आता अशा कंपन्या आहेत ज्या तुमच्या नावाने अमेरिकेत डॉलरचा, इंग्लंडमध्ये पाउंडाचा आणि युरोपात युरोचा खाते क्रमांक देतात. पालक त्यांच्या देशातल्या देशात साधी ट्रान्सफर करतात, अमेरिकेत एसीएच, इंग्लंडमध्ये फास्टर पेमेंट्स, जर्मनीत सेपा, आणि यासाठी त्यांना बहुतेक वेळा काहीच लागत नाही. पैसे त्या कंपनीकडून रुपये होऊन तुमच्या बँकेत येतात. पेओनीअर यातलं जुनं नाव, नंतर भारतातल्याही बऱ्याच आल्या. इथे दोन प्रकारचे दर बघायला मिळतात. कोणी टक्क्यात घेतं, १ टक्का, २ टक्के असं, कोणी प्रत्येक व्यवहाराला सपाट फी घेतं, समजा १९ डॉलर. सपाट फी ऐकून लोक खूश होतात पण ८० डॉलरवर १९ डॉलर म्हणजे जवळजवळ पावच गेला की. पेपॅलची खरी कापणी साडेसात टक्के धरली तर १९ डॉलरची सपाट फी साधारण २५० डॉलरच्या वरच परवडायला लागते. म्हणून तुमच्यासारख्या छोट्या छोट्या फीला टक्केवारीवाला, आणि महिन्याला एकच क्लायंट दोन-तीन हजार डॉलर पाठवतो अशा सॉफ्टवेअरवाल्या मुलाला सपाटवाला. एकाचं बघून दुसऱ्याने घेऊ नये.

कंपनी निवडताना एकच गोष्ट पक्की विचारा, रिझर्व्ह बँकेची पेमेंट ऍग्रीगेटर क्रॉस बॉर्डर, म्हणजे देशाबाहेरची पेमेंट गोळा करून देणारी कंपनी, म्हणून परवानगी आहे का, नाहीतर कोणत्या बँकेमार्फत काम करता. ३१ ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने या कंपन्यांना थेट आपल्या नियमाखाली आणलं, यादी त्यांच्या वेबसाइटवर असते, बघायला पाच मिनिटं लागतात. आणि दुसरं, प्रत्येक पेमेंटचं एफआयआरए म्हणजे परदेशातून पैसे आल्याचं पत्र मिळतं का, फुकट का पैसे घेऊन. हे पत्र न देणारी स्वस्त सेवा मी माझ्या कोणालाही घेऊ देत नाही.

तिसरा मार्ग सरळ बँकेतून बँकेत, स्विफ्टने वायर. तुमच्या रकमेला हा अजिबात नको. अमेरिकेतली बँक पाठवणाऱ्याकडून बऱ्याचदा २५-३० डॉलर तरी घेते, मधली बँक तिचे काढते, मग इथली बँक तिचं कमिशन लावते. वायरच्या फॉर्मवर अवर, शा, बेन असे तीन पर्याय असतात, सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, वाटून घ्यायचा, नाहीतर सगळा घेणाऱ्याचा. पाठवणाऱ्याने शा किंवा बेन ठेवलं की तुमच्या पैशातून मधल्यामध्ये कापले जातात. मोठ्या रकमेला मात्र वायर अजूनही चांगली, कारण तिथे बँकेशी रेटवर बोलता येतं. शाखेत जाऊन फॉरेक्सवाल्यांना टीटी बाइंग रेट, म्हणजे बाहेरून आलेले डॉलर बँक ज्या भावाने घेते तो, किती देताय ते विचारायचं, आणि पन्नास पैसे वाढवून मागायचे, मोठी रक्कम असेल तर देतात. बोर्डावरचा कार्ड रेट हा न विचारणाऱ्यांसाठी असतो.

आता एक बारकी गोष्ट जी मी लोकांच्या स्टेटमेंटमध्ये कायम बघते आणि कोणी लक्ष देत नाही. बँकेत डॉलरचे रुपये होताना त्या बदलण्यावर जीएसटी लागतो. तो पूर्ण रकमेवर नसतो, नियमाने एक मूल्य धरतात, १ लाखापर्यंत रकमेच्या १ टक्का पण कमीत कमी २५० रुपये, आणि त्या मूल्यावर १८ टक्के. म्हणजे रक्कम कितीही छोटी असली तरी दर वेळी कमीत कमी ४५ रुपये. १८ पालकांचे पैसे १८ वेळा बदलले तर ८१० रुपये झाले. तेच १,४४० डॉलर एकदम बदलले तर सव्वा लाखाच्या आत रक्कम येते आणि जीएसटी साधारण २०० रुपये. म्हणून जिथे बँक बदलून देते तिथे पैसे साठवून महिन्यातून एकदाच बदलायचे, नाहीतर पालकांकडून तीन महिन्यांची फी एकदम घ्यायची. पेपॅलवर मात्र तिमाही फी घेऊन फारसा फायदा नाही, फक्त ३० सेंट दोनदा वाचतात, टक्के तेवढेच राहतात. पेपॅलवर खरा मार बसतो तो छोट्या रकमेला. १० डॉलरचा डेमो क्लास घेतलात तर ७४ सेंट गेले, म्हणजे ७.४ टक्के, रुपये करण्याच्या आधीच. आणि डेमो आवडला नाही म्हणून पैसे परत केले तर आधी कापलेली फी पेपॅल परत देत नाही. त्यापेक्षा डेमो फुकट ठेवा.

एखाददुसऱ्या पालकांना पेपॅलच हवं असतं, कार्डाने भरता येतं म्हणून, तर ठेवा, पण त्यांची फी वेगळी ठरवा. इथे पण एक चूक सगळे करतात, ८० वर ४.४ टक्के आणि ३० सेंट वाढवून ८३.८२ मागतात, पण टक्के वाढलेल्या रकमेवरही लागतात त्यामुळे ते कमीच पडतात. ८० हातात हवे असतील तर ८०.३० ला ०.९५६ ने भागायचं, ८४ येतात. आणि रेटमधली कपात पण भरून काढायची असेल तर ८७. सरचार्ज असं वेगळं लिहू नका, बऱ्याच ठिकाणी ते चालत नाही, सरळ पेपॅलची फी ८७ डॉलर आणि बँक ट्रान्सफरची ८० असं तुमचं दरपत्रकच करा. बहुतेक पालक स्वतःहून बँकेकडे वळतात, माझ्या अनुभवात पहिल्या दोन महिन्यांतच.

आता फॅमिली मेंटेनन्सबद्दल, आणि हे मी जरा पोटतिडकीने लिहितेय. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक पैशाला एक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा क्रमांक, असतो. कुटुंबाच्या खर्चासाठी पी१३०१, भेट म्हणून पी१३०२, आणि शिकवण्याच्या फीला पी११०७. पैसे पाठवायचे काही मार्ग फक्त घरच्यांसाठीच आहेत. एमटीएसएस नावाची योजना आहे, वेस्टर्न युनियनसारख्यांचे पैसे येतात ती, तिच्यात एका वेळी २,५०० डॉलरची मर्यादा आहे आणि एका माणसाला वर्षात फक्त ३० वेळा पैसे घेता येतात, आणि धंद्याचे पैसे तिच्यातून चालतच नाहीत. तुमचे १८ पालक गुणिले १२ महिने म्हणजे २१६ वेळा. ते अडकणारच. सिंगापूरच्या दोन पालकांनी कदाचित तुम्हाला पेनाऊबद्दल सांगितलं असेल, २१ फेब्रुवारी २०२३ पासून सिंगापूरचं पेनाऊ आणि आपलं यूपीआय जोडलंय, अगदी सोपं आहे, दिवसाला ६० हजार रुपयांपर्यंत, पण तेही घरखर्च आणि भेटीसाठीच आहे, फीसाठी नाही. त्या दोघांना एनआरई-एनआरओचा रस्ता दाखवा. वाइजसारखं ऍप वापरणार असतील तर वाइजचा रेट बाजारातलाच असतो आणि फी वेगळी दाखवतात, तो भाग चांगला आहे, पण पाठवण्याचं कारण विचारतात तिथे फी किंवा सेवा हेच निवडायला सांगा, आणि ज्या ऍपमध्ये तसा पर्यायच नाही ते ऍप नको.

का, तर माझ्याकडे चार वर्षांपूर्वी एक मुलगी आली, इलस्ट्रेशन करते, हात सोन्याचा. तिने चार्जेस वाचवायला सगळे पैसे अमेरिकेतल्या भावाच्या खात्यात घेतले होते आणि भाऊ दर महिन्याला तिला भेट म्हणून पाठवायचा. तीन वर्षं. वाचले असतील वर्षाला तीस-चाळीस हजार. मग तिने घर घ्यायचं ठरवलं आणि होम लोनला बँकेने उत्पन्न विचारलं, तर कागदावर तिचं उत्पन्न नव्हतंच, भावाने दिलेल्या भेटी होत्या. लोन नाकारलं. रिटर्न दुरुस्त करायला गेलो तर पहिल्या वर्षाची मुदत संपलेली, बाकीच्यांवर जास्तीचा कर आणि व्याज, आणि तिकडे भावाच्या नावावर जे उत्पन्न दिसत होतं त्याचा खुलासा त्याला वेगळा करत बसावं लागलं. उत्पन्न भेट म्हणून दाखवलं आणि ते इन्कम टॅक्स खात्याने पकडलं तर कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड आहे. त्या मुलीला रडताना बघितलंय मी, माझ्या टेबलासमोर, म्हणून सांगते, साडेसात टक्के वाचवायला स्वतःची कमाई पुसून टाकू नका. ती तुमची आहे, कागदावरही तुमचीच दिसू दे.

आणि तुमच्या बाबतीत हा कागद अजून एका कारणाने महत्त्वाचा आहे. तुमची परदेशातली फी वर्षाला १४ लाख ६८ हजार ८००, इथल्या ७ मुलांचे १ लाख २६ हजार, मिळून जवळपास १५ लाख ९५ हजार. सेवांना जीएसटी नोंदणी २० लाखांच्या वर लागते, आणि त्या २० लाखांत निर्यातही धरली जाते, आणि धरायची ती पूर्ण फी, म्हणजे ६,८००, हातात आलेले ६,२८१ नाही. परदेशातली अजून पाच मुलं वाढली की तुम्ही २० लाखांच्या उंबरठ्यावर. नोंदणी झाल्यावर परदेशातल्या शिकवणीवर कर शून्य, एलयूटी म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र भरलं की झालं, पण अट अशी की पैसे परदेशी चलनात आल्याचा पुरावा हवा, म्हणजे तेच एफआयआरए. पुरावा नसेल तर कर तुमच्या खिशातून जायची वेळ येऊ शकते. मघाशी मेख म्हटलं ती हीच. एनआरओ खात्यातून रुपयात आलेली फी निर्यात धरायची का, यावर तेव्हा वाद होऊ शकतो, आणि आजोबांची तर देशातलीच. त्यामुळे उलाढाल १८ लाखांच्या पुढे गेली की रुपयातल्या पालकांना हळूहळू डॉलरच्या खाते क्रमांकावर आणायचं. आत्ता मात्र बिनधास्त रुपयात घ्या. हिशोब लिहिताना मिळालेली पूर्ण फी उत्पन्नात आणि कापलेले पैसे खर्चात, म्हणजे कापलेल्या पैशावर निदान इन्कम टॅक्स तरी जाणार नाही. फक्त हातात आलेली रक्कम लिहायची सवय असेल तर ती मोडा.

क्रिप्टोचं पण कोणीतरी सुचवेल, ३० टक्के कर आणि विकताना १ टक्का टीडीएस, तिकडे बघूच नका.

अमेरिकेतले पालक हल्ली अजून एक विचारतात, तिकडे पैसे पाठवण्यावर नवीन टॅक्स आलाय ना. आलाय, १ जानेवारी २०२६ पासून १ टक्का, पण तो रोख, मनी ऑर्डर असल्या मार्गाने पाठवणाऱ्यांना. बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट-क्रेडिट कार्डाने पाठवलं तर नाही. त्यांना तसं सांगा, उगाच घाबरून राहतात.

सुरुवात अशी करा. या महिन्यात सगळ्या १८ जणांना एकच मेसेज टाका, "पुढच्या महिन्यापासून फी शक्य असल्यास तुमच्या भारतातल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून ६,८०० रुपये पाठवावी. भारतात खातं नसेल तर मला कळवा, मी तुमच्या देशातला खाते क्रमांक देते. पेपॅलने भरायची असल्यास ८७ डॉलर." उत्तरं आली की किती जण कुठे पडतात ते मोजा आणि मगच कंपनी निवडा, कारण खाते क्रमांक लागणारे चारच निघाले तर एक कंपनी पुरेल आणि बारा निघाले तर दोघांचे रेट त्या जमा-रकमेच्या पद्धतीने तपासून घ्यावे लागतील. जर्मनीच्या पालकांपासून ट्रायल घ्या, सेपा असल्यामुळे पैसे लवकर येतात, आणि पहिल्या पेमेंटचं एफआयआरए हातात आल्याशिवाय बाकीच्यांना तो क्रमांक देऊ नका. पत्रावर तुमचं नाव पॅन कार्डावर आहे तसंच आहे का आणि कोड पी११०७ आहे का एवढं बघा, चुकीचा असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून मागा, मार्चमध्ये मागायला गेलं की कोणाला वेळ नसतो.